बाकावरचं पोहणं

आमच्या शाळेचा रौप्यमहोत्सव मागच्या महिन्यात झाला. मांडव होता, माईक होता, माईकला पाहिजे तेवढी खरखर होती, आणि शाळेनं ज्यांना नापास केलं होतं ते सगळे स्वागत समितीत होते. सूत्रसंचालकानं एक टूम काढली. प्रत्येक माजी विद्यार्थ्यानं व्यासपीठावर यायचं, शाळेतली एक आठवण सांगायची आणि आपल्या आवडत्या गुरुजींची कुणाला ठाऊक नसलेली एक लकब सांगायची. एकामागून एक मंडळी उठली. कुणाचे गुरुजी वक्तशीर होते, कुणाचे शिस्तप्रिय, कुणाचे वरून कडक पण आतून प्रेमळ. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की आपल्याला सगळे विषय एकाच माणसानं शिकवले आणि तो नुकताच वारला असावा.

माझी पाळी आली तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी हात जोडले. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळं आजाराबद्दल खोटं बोलले तरी लोक मान डोलावतात. खरं कारण समोर बसलं होतं. गावच्या सोसायटीचे आणि आमच्या शिक्षणसंस्थेचे चेअरमनसाहेब (दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसवायची आमच्याकडं रीत आहे) गळ्यात हार घालून पहिल्या रांगेत होते. त्यांच्या मागं भिंतीवर गावच्या तलावाच्या जलपूजनाचा मोठा फोटो लावला होता. मला ज्या सरांबद्दल बोलायचं होतं ते त्या फोटोत नाहीत. ते तेव्हा फोटोग्राफरच्या पाठीमागं उभे होते. ही सगळी हकीकत माईकवर सांगितली असती तर चेअरमनसाहेबांचा रक्तदाब वाढला असता, आणि तो तपासायला मलाच बोलावलं असतं. म्हणून इथं सांगते.

सर मूळचे अणदूरकडचे. निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले. शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. वर्गात आले की "बसा" म्हणायचे नाहीत, "तशरीफ ठेवा" म्हणायचे. आणि पोरांना "तुम्ही" म्हणायचे. शेंबूड ओढत उभ्या राहिलेल्या पोराला ते विचारायचे, "तुम्ही काल गैरहजर का होतात?" आणि ते पोरगं मागं वळून बघायचं, की कोण मोठं माणूस आलंय म्हणून. आयुष्यात आम्हाला "तुम्ही" म्हणणारा तो पहिलाच माणूस. गावात त्याचा अर्थ असा लावला गेला की मास्तरच्या डोक्यात काहीतरी ढिलं आहे.

डोक्यावर केसही तसेच होते. आमच्याकडं पुरुषमाणूस उन्हाळ्यात डोकं तासून घ्यायचा. सरांचे केस मानेपर्यंत, तेल लावून मागं फिरवलेले. कुणी म्हणायचं, सिनेमात जायचं राहून गेलं. कुणी म्हणायचं, गेले होते आणि हाकललं. हेडमास्तरांनी एकदा आडून सुचवलं की शिक्षकाला हे शोभत नाही. सर म्हणाले, "शोभेसाठी नाहीत, गरजेचे आहेत." केसांची कसली गरज असते हे हेडमास्तरांना समजलं नाही, कारण त्यांच्याकडं तेव्हा मोजकेच उरले होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. सर आंघोळ करायचे नाहीत, ते अंग पुसायचे. एक तांब्या पाणी, त्यात भिजवलेला पंचा, संपलं. ही माहिती त्यांच्या घरमालकिणीनं गावाला पुरवलेली. पाणी प्यायचे ते डोळे मिटून, घोट घोट, औषध घेतल्यासारखं. आणि एस. टी. तेरणेच्या पुलावर आली की पाय वर घ्यायचे, समोरच्या सीटचा दांडा धरायचे आणि पूल संपेपर्यंत श्वास रोखून बसायचे. हे मी स्वतः पाहिलंय. खाली नदीत पाण्याचा टिपूस नव्हता, लोकांनी शेळ्या बांधल्या होत्या, तरी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि ज्या गोष्टीवरून गाव सरांना हसत होतं तीच सगळ्या गावाला करावी लागली. घरोघर पंचे भिजायला लागले. चेअरमनसाहेबांनी तर चावडीपुढच्या सभेत जाहीर सांगितलं की पाण्याची बचत कशी करावी ते आमच्या शाळेच्या मास्तरांकडून शिका. सरांना गावात मिळालेला हा पहिला आणि शेवटचा मान. त्यात त्यांचा काही हात नव्हता.

त्याच वर्षी संस्थेनं त्यांच्या गळ्यात शारीरिक शिक्षणाचा तास घातला, कारण त्यासाठी वेगळा शिक्षक नेमायची संस्थेची ऐपत नव्हती. (चेअरमनसाहेबांच्या दारात त्याच वर्षी नवी जीप उभी राहिली, पण तो विषय शारीरिक शिक्षणात येत नाही.) पहिल्या तासाला सरांनी आम्हाला मैदानाभोवती पळायला लावलं. दोघं चक्कर येऊन पडले. तेव्हा घरोघर रेशनची तांबडी विलायती ज्वारी, मिलो, शिजायची, तीही एकदाच. सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि म्हणाले, "पळाल्यानं भूक लागते. तहानही लागते. आजपासून आपण झोपून व्यायाम करू."

झोपून करायचा व्यायाम कोणता, हे त्यांना तलावानं सुचवलं. शाळेच्या मागच्या माळावर दुष्काळी काम निघालं होतं. सगळ्या गावाच्या बाया आणि पुरुष तिथं पाझर तलाव खोदायला जायचे. माझी आई पण. सर एके दिवशी कठड्यावर उभे राहून तो खड्डा बघून आले आणि वर्गात येऊन विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांना पोहता येतं?"

एकही हात वर झाला नाही. आमच्या आधीची सगळी पोरं विहिरीत शिकलेली. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि थोरल्या भावानं वरून ढकलून द्यायचं, एवढाच तो अभ्यासक्रम. पण आम्ही ढकलायच्या वयाला आलो तेव्हा विहिरींना तळ दिसायला लागला होता. आमची सगळी तुकडी कोरडी राहिली होती.

"मग हा तलाव भरल्यावर काय करणार?" सर म्हणाले.

"सर, त्यो भरतच न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग हसला. तीन वर्षं ढग नुसते तोंड दाखवून गेले होते. तो तलाव भरेल असं तो खोदणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. सर हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा चक्क भीती दिसली, आणि आपल्यासाठी घाबरलेला मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाकावरचं पोहणं सुरू झालं. दोन बाकं जोडायची, त्यावर आडवं व्हायचं. सर हुकूम द्यायचे, "पट!" की पालथं. "चित!" की उताणं. पट कमी, चित जास्त. ते म्हणायचे, "पोहणं ही चैन आहे. न बुडणं ही गरज आहे. पाण्यात पडलात की पाण्याशी भांडू नका. चित व्हा. हात पसरा. हनुवटी वर. पोट आभाळाला दाखवा. आणि कुणी काढेपर्यंत मुकाट पडून राहा." पोट आभाळाला दाखवण्यात आम्ही त्या वर्षी पटाईतच होतो, त्यामुळं प्रगती भराभर झाली. सर छडी घेऊन रांगेतून फिरायचे आणि ज्याची हनुवटी खाली आली त्याच्या हनुवटीला छडीचं टोक हलकेच लावायचे. छडीचा दुसरा उपयोग त्यांना माहीत नव्हता.

ही सगळी विद्या एका जुन्या उर्दू पुस्तकातली होती. त्याची शेवटची पानं गळाली होती. त्यामुळं पाण्यात कसं राहायचं ते आम्ही शिकलो, पाण्यातून बाहेर कसं यायचं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा एका पोरानं विचारलं, "सर, तुम्ही केस का म्हून कापत न्हाय?" सर बाकाच्या कडेला बसले आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलले. लहानपणी ते आजोळच्या बारवेत पडले होते. ते बुडत असताना धुणं धुणाऱ्या एका बाईच्या हाताला त्यांच्या झिंज्या लागल्या म्हणून तिनं ओढून काढलं. "ती बाई पुन्हा कधी भेटेल सांगता येत नाही," सर म्हणाले. "पण भेटलीच, तर तिच्या हाताला काहीतरी लागायला पाहिजे." आम्ही कुणी हसलो नाही. त्या दिवसापासून वर्गातल्या पोरींनी वेण्या घट्ट घालायला सुरुवात केली.

तोपर्यंत ठीक होतं. पण बाकावर पोरीही झोपतात, ही बातमी गावात गेली. गावाला तेव्हा खायला नव्हतं, प्यायला नव्हतं, पण अब्रू मुबलक होती. आई एके दिवशी कामावरून थेट शाळेत आली. डोक्यावर मातीची रिकामी पाटी, हात कोपरापर्यंत पांढरे. मी बाकावर चित होते.

"ऊठ! ऊठ आधी!" आईनं माझं बखोट धरलं. "मास्तर, तुमाला लेकीबाळी न्हायत का? पोरीच्या जातीनं चारचौघांत हातपाय पसरून उताणं पडावं व्हय?"

"बाई, तळं तुम्ही खोदताय," सर म्हणाले. "किती खोल गेलंय?"

"दोन पुरुस."

"आणि तुमची मुलगी केवढी आहे?"

"आवं, पानी यिऊ तर द्या आधी! हितं प्यायला न्हाय आन तुमी बुडायच्या गोष्टी करताव."

"पाणी आलं की तुम्हीच धुणं घेऊन तिथं जाल. ही तुमच्या मागं येईल. तेव्हा मी तिथं नसेन, बाई."

आईनं मला ओढत घरी नेलं. पण शाळेत पोरांना सुकडी, म्हणजे सरकारी पिठाचा गोड खाऊ, मिळायची, आणि हेडमास्तरांनी तिचं वाटप नेमकं त्या तासानंतर ठेवलं होतं. ज्याची हजेरी त्याला सुकडी. आईनं रात्रभर विचार केला असावा. सकाळी तिनं माझ्या परकराच्या काठात नाडी ओवली, घोट्यापाशी घट्ट बांधली आणि म्हणाली, "जा. पड उताणी." पुढं वर्गातल्या सगळ्या पोरी नाडी बांधून यायला लागल्या. आम्ही रांगेनं बाकावर पडलो की गोण्या रचल्यासारखं दिसायचं.

सुकडी करायला परदेशी तेलाचे डबे यायचे. रिकामे झाले की सर ते मागून न्यायचे आणि कल्हईवाल्याकडून तोंडं झाळून बंद करून घ्यायचे. पाणी आलं की पोरांच्या पाठीला बांधायला. गावानं अर्थातच ठरवलं की मास्तर डबे विकतो. डबे त्यांच्या खोलीत छतापर्यंत रचलेले सगळ्यांना दिसत होते, तरी विकतो.

पण सरांना खरं भोवलं ते दुसरंच. वर्गात फळ्याच्या वर चेअरमनसाहेबांची तसबीर होती. चेअरमनसाहेबांना तरुणपणापासून टक्कल आहे, आणि फोटोवाल्यानं त्यावर उजेड असा पाडला होता की सूर्योदयाचा धडा शिकवताना उपयोग व्हावा. केसांची गोष्ट सांगून झाल्यावर चार दिवसांनी एकानं विचारलं, "सर, चेअरमनसाहेब पडले तर?" सरांनी वर बघितलं. खरोखर विचार केला. आणि काळजीनं म्हणाले, "त्यांचं अवघड आहे."

सगळ्यात मोठ्यानं चेअरमनसाहेबांचा पुतण्या हसला. संध्याकाळी त्यानं ते घरी सांगितलं.

सर अजून कायम झाले नव्हते. त्यांच्या उमेदवारीचं शेवटचं वर्ष पुढच्या दिवाळीला संपणार होतं, तेव्हा संस्था ठरवणार होती. घरी म्हातारी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी, आणि दुष्काळात दुसरी नोकरी शोधायची म्हणजे खडी फोडायलाच जावं लागलं असतं. संस्थेची नोटीस आली की पाण्याविना पोहणे शिकवून आपण विद्यार्थ्यांची व संस्थेची थट्टा करीत आहात, ते तत्काळ बंद करावे, अन्यथा कायम करण्याचा विचार होणार नाही. हेडमास्तर चांगले होते, म्हणजे घाबरट होते. त्यांनी व्हरांड्यातच सरांना गाठलं. आम्ही खिडकीला कान लावून होतो.

"सोडा हो हे खूळ. कोरड्यात कुणी बुडलंय का आजवर? कवायत घ्या, लेझीम घ्या. एवढं वर्ष काढा, कायम व्हा, मग हवं तर झाडावर चढून पोहा."

"तलाव भरेपर्यंत शिकवू द्या," सर म्हणाले. "भरला की मी स्वतःच बंद करतो."

"आणि नोकरी?"

सरांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली, वर्गात आले आणि म्हणाले, "तशरीफ ठेवा. चित!"

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. त्याचं वर्णन करत नाही, पावसावर पुष्कळ जणांनी लिहून ठेवलंय. तलाव भरला एवढंच. जो भरणार नव्हता तो काठोकाठ भरला, आणि भरल्याबरोबर तो चेअरमनसाहेबांनी भरवला असं ठरलं. जलपूजन निघालं.

जलपूजन म्हणजे काठावर बसून ओटी भरायची, नारळ वाहायचा, झालं. पण काठावरून पूजा केली तर ती कुणीही करू शकतो. चेअरमनसाहेबांना तलावाच्या मधोमध जायचं होतं. नाव आमच्या मुलखात कुणी पाहिलेली नव्हती. मग गुऱ्हाळवाल्या मामांची काहील आठवली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी गोल लोखंडी कढई. ढोकीला कारखाना झाल्यापासून मामांचं गुऱ्हाळ बसलं होतं आणि काहिलीत कोंबड्या अंडी घालत होत्या. ती धुऊन, झेंडूच्या माळा लावून तलावात सोडली. मामांनी सांगितलं, "साहेब, तुमी आन मी, आनी फार तर एक जन. घमेलं हाय ह्ये, कलंडतंय."

चेअरमनसाहेब बसले. मग व्हाइस चेअरमन बसले, कारण चेअरमन बसले. मग सोसायटीचे संचालक बसले, कारण व्हाइस चेअरमन बसले. सहकारात कुणी लहान-मोठं नसतं, त्यामुळं काठावर राहायला कुणीच तयार होईना. शेवटी ओवाळायला एक मुलगी पाहिजे म्हणून हुशार आणि स्वच्छ म्हणून मला आरतीचं ताट देऊन मधे उभं केलं. आई काठावर नवं लुगडं नेसून उभी होती. पोरगी चेअरमनसाहेबांबरोबर काहिलीत बसली, ही तिला मोठीच गोष्ट वाटत होती.

तेवढ्यात सर आले. दोन्ही हातांत डबे. मागं आमचा सगळा वर्ग, प्रत्येकाच्या हातात डबा. "साहेब, हे पाठीला बांधून घ्या," सर म्हणाले.

"मास्तर, मी काय गोडं त्याल हाय का डब्यात भरायला?" चेअरमनसाहेब म्हणाले आणि सगळे संचालक वेळेवर हसले.

"निदान मुलीला उतरवा."

"शुभ कामाला आडवं यिऊ नका. वरीस संपत आलंय, ध्यानात हाय ना?"

सरांच्या ते ध्यानात होतं. काठावर ऐकणाऱ्या सगळ्यांच्याच होतं. सरांनी डबे खाली ठेवले आणि चेअरमनसाहेबांना ओलांडून माझ्याकडं बघितलं. "चित," एवढंच म्हणाले. "लक्षात आहे?" मी मान हलवली. मामांनी बांबू टेकवला आणि काहील निघाली.

गोल वस्तू सरळ जात नाही. काहील स्वतःभोवती गिरक्या घेत मधोमध पोचली, तोवर दोन संचालकांचे चेहरे पांढरे पडले होते. ओटी वाहिली. नारळ वाहिला. मी ओवाळलं. आणि काठावरून ढोकीहून आणलेल्या फोटोग्राफरनं हाक दिली, "साहेब, हिकडं बगा!"

चेअरमनसाहेब उभे राहून त्या बाजूला झाले. व्हाइस चेअरमन फोटोत अर्धेच येत होते, ते सरकले. मागचे संचालक फोटोत मुळीच येत नव्हते, ते पुढं आले. मामा ओरडले, "आवं बसा, बसा!" सोसायटीचं अख्खं संचालक मंडळ एका कडेला उभं राहून हसलं. तोच तो भिंतीवरचा फोटो. त्यात मी कोपऱ्यात आहे, हातात ताट. रौप्यमहोत्सवात सगळे मला म्हणाले, किती गंभीर दिसतेस. पुढच्या क्षणाचा फोटो फोटोग्राफरनं काढला नाही, कारण तो शहाणा होता.

काहील कलंडली. मी पाण्यात गेले. पाणी नाकात गेलं, कानात गेलं, सगळं हिरवं-काळं झालं आणि मला वाटलं संपलं. मग माझं अंग मला न विचारता बाकावर गेलं. हात पसरले. पोट वर आलं. हनुवटीला छडीचं टोक लागल्यासारखी ती वर झाली, आणि तोंड पाण्याबाहेर आलं. कान पाण्यात होते, त्यामुळं जगात काही ऐकू येत नव्हतं. वर आभाळ होतं. मी पडून राहिले. मला तेव्हा भीती वाटली नाही, हे मी आजही कुणाला सांगितलं तर पटत नाही.

काठावर काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. काहील कलंडली तसे सर धावत सुटले. पाण्याच्या कडेला आले, चप्पल भिजली आणि खिळल्यासारखे थांबले. पुढं पाय टाकता येईना. मग ते तिथंच चिखलात पाठीवर पडले, हात पसरले, हनुवटी वर केली आणि तलाव दणाणेल अशा आवाजात ओरडायला लागले, "चित! चित!" मला दिसावं म्हणून. आणि हुकूम ऐकल्याबरोबर आमचा सगळा वर्ग, जलपूजनासाठी धुतलेल्या कपड्यांत, सवयीनं चिखलात उताणा झाला. आलेल्या पाहुण्यांना वाटलं, सत्याग्रह सुरू झाला.

गावातल्या पोहणाऱ्यांनी उड्या मारल्या. बायांनी सरांचे डबे फेकले, ते संचालकांनी मिठी मारून धरले. चेअरमनसाहेब एवढे आपटत होते की त्यांच्याजवळ जाता येईना. मामांनी डोक्याला हात घातला, तो निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. धोतर धरलं, तर धोतर हाताला आलं आणि साहेब तिथंच राहिले. शेवटी एक डबा त्यांच्या छातीशी रेटला तेव्हा त्यांनी तो असा आवळला, की काठावर आणल्यावरही सोडेनात. सरांनी वर्गात सांगितलं ते अक्षरशः खरं ठरलं. त्यांचं अवघडच होतं.

सगळ्यात शेवटी मामा माझ्याकडं आले, कारण मी ओरडत नव्हते. मी गप्प पडलेली बघून त्यांनी माझं डोकं पाण्याबाहेर उचललं. "गेली का काय गं पोरी?"

"न्हाय मामा," मी म्हणाले. "सरांनी हलू नका म्हून सांगितलंय."

मामांनी वेणी धरली आणि मला काठावर आणलं. कुणी मेलं नाही. आईनं मला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडली. सर अजून चिखलातच होते. मला बघितल्यावर उठून बसले. ओल्या व्हाइस चेअरमननं त्यांना विचारलं, "मास्तर, नुसतं वरडत काय पडलाव? उडी का म्हून न्हाय मारली?"

"मला पोहता येत नाही," सर म्हणाले.

सगळा काठ हसला. ज्यांना नुकतंच बाहेर काढलं होतं ते सगळ्यात जास्त हसले. मला मात्र सरांचा अभिमान वाटला, आणि हसणाऱ्यांचा इतका संताप आला की मी हातातलं आरतीचं ताट फेकून मारलं असतं. पण ते तलावाच्या तळाशी होतं.

आठवड्यानं चावडीपुढं सभा झाली. चेअरमनसाहेबांनी प्रसंगावधान राखून एका बालिकेचे प्राण वाचवले म्हणून त्यांचा सत्कार झाला. शाल त्यांनी डोक्यावरूनच घेतली. दिवाळीला ते वर्ष संपलं आणि संस्थेनं सरांना कमी केलं. आधी आरोप होता की पाण्याविना पोहायला शिकवतात. आता आरोप असा होता, की स्वतःला पोहता येत नसताना शिकवतात. आमच्या संस्थेला आरोपांची कधी चणचण भासली नाही. हेडमास्तरांनी आदेश वाचून दाखवला तेव्हा सर म्हणाले, "इल्जाम बरोबर आहे," आणि सही केली.

जाताना ते फाट्यावर एस. टी.ची वाट बघत होते. एक ट्रंक, एक वळकटी. डबे शाळेला ठेवले होते. आई मला घेऊन गेली. फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. वाटेत ती काहीतरी घोकत होती. तिथं गेल्यावर ते तिला आठवलं नाही.

"पानी पिऊन जावा, सर," एवढंच म्हणाली.

सरांनी डोळे मिटले आणि घोट घोट करत अख्खा तांब्या संपवला. मग मला विचारलं, "तुमच्या नाकात पाणी गेलं होतं?"

"व्हय."

"म्हणजे हनुवटीला उशीर झाला. लक्ष ठेवा." आणि गाडीत बसले. पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका शाळेत लागले असं ऐकलं. तिथं तलाव आहे का ठाऊक नाही. बाकं असतील.

त्या दिवशी आई मला घेऊन घरी आली तेव्हा दिवस मावळायला आला होता. तिनं चुलीकडं न जाता बाज ओढून अंगणाच्या मधोमध टाकली. लुगड्याचा काचा घट्ट केला, इकडंतिकडं बघितलं आणि बाजेवर उताणी झाली. तलावाची माती वाहून तिचे तळहात दगडासारखे झाले होते. ते तिनं दोन्हीकडं पसरले.

"हं, सांग," आई म्हणाली. "हनुवटी कशी ठिवायची?"

मी वळचणीची काठी घेतली आणि टोक तिच्या हनुवटीला लावलं. आई आभाळाकडं बघत गप्प पडून राहिली. शेजारची काकू कुडावरून डोळे मोठे करून हे सगळं बघत होती.

आई मान न हलवता तिला म्हणाली, "बगत काय ऱ्हायलीस? तुजी बाज घिऊन ये."